पेशीला भिंत नसते, मग ती उभी कशी?

निंदण-डवरण आटोपलं की या सदराकडे पत्रांचा ओघ वाढतो. पेरणीच्या घाईत कोणाला पेशी आठवत नाही. या खेपेला गोचिडावर कोणतं औषध, कुटारात युरिया किती, अशी नेहमीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. कारण सहा पत्रं अशी निघाली की लिहिणारे एकमेकांच्या गावचे नाहीत, ओळखीचे नाहीत, पण सगळे एकाच गोष्टीभोवती फिरताहेत. अंगातल्या पेशी आकार कसा धरतात आणि एकमेकींना कशा धरून राहतात? मी यवतमाळ जिल्ह्याच्या तीन तालुक्यांत एकतीस वर्षं ढोरं तपासली. पुस्तकातलं जेवढं डोक्यात उरलं आणि जेवढं हाताखालून गेलं, त्यातून उत्तरं देतो.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. पुस्तकात लिहिलं आहे की वनस्पतीच्या पेशीला भिंत असते, प्राण्याच्या पेशीला नसते, फक्त पातळ पटल असतं. मग प्राण्याची पेशी थेंबासारखी गोल का होत नाही? आणि पेशी एकमेकींना चिकटून कशाने राहतात? सरांना विचारलं तर म्हणाले, हे परीक्षेला नाही. (विद्यार्थिनी, दारव्हा तालुका)

पोरी, सरांवर रागावू नको. त्यांना डिसेंबरपर्यंत पोर्शन संपवायचा असतो. मला तशी घाई नाही.

आधी भिंतीचं बघू. दिवाळीच्या आगेमागे तुमच्या वावरात बोंडं फुटतील. तेव्हा एका सरकीवरचा एकच तंतू चिमटीने उपट आणि उन्हात धर. तो अख्खा तंतू म्हणजे एक पेशी आहे. सरकीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब झाली, मग मेली, आतला ओलावा सुकला आणि मागे राहिली ती फक्त सेल्युलोजची भिंत. तुझ्या ओढणीत ज्या पेशी आहेत त्या केव्हाच्या मेलेल्या आहेत, तरी आकार धरून आहेत. प्राण्याच्या पेशीला ही सोय नाही. ती जिवंत आहे तोवर आकार, मेली की आकारही गेला.

ती गोल का होत नाही, हे मला पुस्तकातून कधी नीट कळलं नव्हतं. नोकरीत असताना लस कशी तयार होते ते दाखवायला आम्हाला एका प्रयोगशाळेत नेलं होतं. खुरकुताची लस तयार करायची तर विषाणू वाढवायला जिवंत पेशी लागतात. त्या असतात हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडातल्या. चपट्या बाटलीच्या तळाला गुलाबी पाणी, आणि त्यात या पेशी. तिथल्या बाईंनी बाटली सूक्ष्मदर्शकावर ठेवली आणि मला बघायला सांगितलं. पेशी काचेवर पसरलेल्या, लांबोळक्या, दोन्ही टोकांनी काचेला धरलेल्या. उन्हात वाळत घातलेलं कातडं खुंट्यांनी ताणावं तशा. मग बाईंनी गुलाबी पाणी ओतून टाकलं आणि ट्रिप्सिनचे थोडे मिलिलिटर आत सोडले. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारं विकर. मी डोळा लावून बसलो. दोन मिनिटं काही नाही. मग एकेका पेशीने पाय आखडायला सुरुवात केली. एक टोक सुटलं, दुसरं सुटलं, आणि पाहता पाहता प्रत्येक पेशी भिजल्या साबुदाण्यासारखी गोल. बाईंनी बाटलीला तळव्याने टिचकी मारली, तशा सगळ्या तरंगायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्याच पेशी नव्या बाटलीत पुन्हा पाय रोवून पसरल्या होत्या.

म्हणजे तुझी शंका अर्धी खरी आहे. सुटी झालेली पेशी गोलच होते. चपटी, लांब, चौकोनी, जी काही ती अंगात असते ती कशाला तरी धरून असते म्हणून, आणि आतून स्वतःला ताणून असते म्हणून.

हा ताण देणारे आत तीन तऱ्हेचे धागे असतात. सगळ्यांत बारीक अ‍ॅक्टिनचा, जाडी साधारण ७ नॅनोमीटर. आपला केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अंदाज कर. हे धागे पटलाच्या आतल्या अंगाला जाळ्यासारखे पसरलेले असतात आणि मायोसिन नावाचं प्रथिन त्यांना खेचत राहतं. स्नायूत खेच हेच काम असल्याने तिथे ते ठासून भरलेले. दुसरा, केराटिनसारख्या प्रथिनांचा, १० नॅनोमीटरच्या आसपास. हा अंबाडीच्या दोरासारखा असतो, अनेक पदर पिळून केलेला. खेचला तर लांबतो, पण तुटत नाही. शिंग, खूर, केस, तुझी नखं यात तोच. तिसऱ्या सूक्ष्मनलिका, २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या. दोर ताणतात, नळ्या दाबाला टेकू देतात, म्हणून मांडवाच्या बल्ल्या आणि दोर अशी उपमा बरेच जण देतात. मीही द्यायचो. पण ती लवकर फसते. कोणत्या मांडवाचे बांबू दर काही मिनिटांनी एका टोकाला झिजतात आणि पुन्हा उगवतात? पेशीतल्या नळ्या तसंच करतात. म्हणून तर पेशीला हलता येतं, दुभंगता येतं, जखमेच्या कडेवरून सरकता येतं. भिंतीत बसलेल्या पऱ्हाटीच्या पेशीला हे जमत नाही.

नळ्यांचं आणखी एक काम सांगतो, ते गावाला माहीत असायला हवं. बैलाच्या मागच्या पायाची एक मज्जापेशी कण्यापासून खालपर्यंत जाते, म्हणजे एकाच पेशीची शेपटी हाताहून लांब. तिच्यात माल पोचवायचा तर या नळ्यांचे रूळ आणि त्यांवर चालणारी प्रथिनं लागतात. पिसाळलेलं कुत्रं चावलं की रेबीजचा विषाणू नेमक्या याच रुळांवरून मेंदूकडे जातो. म्हणून चावा तोंडाला किंवा मानेला असला तर वेळ फार थोडा. जखम लगेच पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि लस त्याच दिवशी सुरू करायची. मिरची-चुना भरणारे अजून आहेत, म्हणून विषय सोडून लिहिलं.

आता चिकटण्याचं. १९०७ मध्ये विल्सन नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्रातला जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, पाण्यात रवा पडावा तशा. काही वेळाने त्या हळूहळू एकमेकींजवळ सरकल्या, गठ्ठे झाले आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला. पेशींना आपली माणसं ओळखता येतात, असं म्हणायला हरकत नाही. कशाने ओळखतात, ते पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी उलगडलं. पेशीच्या पटलातून बाहेर डोकावणारी प्रथिनं असतात, त्यांना कॅडहेरिन म्हणतात. एका पेशीचं कॅडहेरिन शेजारणीच्या तसल्याच कॅडहेरिनला धरतं, आतल्या बाजूने ते अ‍ॅक्टिनच्या दोराला बांधलेलं असतं. आणि ही पकड टिकते ती कॅल्शियम असेल तरच. नावातला ‘कॅ’ तिथला आहे.

दवाखान्यात रक्त घेतात ती जांभळ्या झाकणाची नळी पाहिली असशील. तिच्यात ईडीटीए असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. तेच ईडीटीए पेशींच्या बाटलीत टाकलं की कॅडहेरिनचे हात सुटतात. त्या बाईंच्या ट्रिप्सिनमध्येही ते मिसळलेलं होतं, हे मला परतीच्या बसमध्ये सुचलं. विचारायचं मात्र राहून गेलं होतं. मग पत्र टाकलं, आणि त्यांनी उत्तर पाठवलं.

प्रश्न : मागच्या साली माझ्या बैलाला खुरकूत झालं. औषध लावायला जीभ धरली तर जिभेची साल मोज्यासारखी हातात आली. अजून तो स्पर्श हातावरून जात नाही. असं का होतं? आणि जुवाने मानेवर येतो तो फोड याच जातीचा का? (शेतकरी, घाटंजी तालुका)

भाऊ, तो स्पर्श मलाही ठाऊक आहे. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एक गवळाऊ बैल दाखवायला आणला होता. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत, आणि मचमच असा आवाज, जणू गरम घास तोंडात घोळतो आहे. मी नवखा. जीभ बाजूने बाहेर ओढली आणि तळहाताएवढा पांढुरका पापुद्रा माझ्या मुठीत राहिला. खाली लालभडक, ओलं, कापलेल्या टरबुजासारखं. धनी माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं, मीच सोलली.

सोलली नव्हती. ती आधीच सुटलेली होती.

जिभेची आणि कातडीची वरची साल पेशींच्या अनेक थरांची असते. तिथे नुसतं कॅडहेरिन पुरत नाही, कारण जीभ दिवसभर कुटारावर घासायची. म्हणून तिथे पेशींच्या मध्ये बटणं असतात, डेस्मोसोम नावाची. पोत्याचं तोंड दाभणाने शिवताना जागोजागी टाका घट्ट करतो तशी. बटणाचा बाहेरचा भाग कॅडहेरिनच्याच कुळातला, आणि आतल्या बाजूला त्यात केराटिनचे दोर गुंतवलेले. तो दोर पेशी ओलांडून पलीकडच्या बटणाला, तिथून पुढच्या पेशीला. एका जागी ओढ बसली की ती हजारो पेशींत वाटली जाते. खुरकुताचा विषाणू नेमका या बटणांच्या थरात वाढतो. पेशी फुगतात, फुटतात, एकमेकींपासून सुटतात, मधल्या पोकळीत पाणी भरतं. तो फोड. जिभेवरचे फोड एकमेकांत मिसळले की अख्खी साल अधांतरी तरंगते, आणि तुमच्या हातात येते.

विषाणू आत शिरतो कसा, हे कळलं तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं. शत्रू म्हणून कौतुक. पेशींना खालच्या जमिनीला धरायला आणखी एक जातीचे हात असतात, त्यांना इंटेग्रिन म्हणतात. पेशींच्या बाहेर जो तंतूंचा गादीसारखा थर असतो त्यातल्या प्रथिनांवर इंटेग्रिनसाठी एक मूठ असते, फक्त तीन अमिनो आम्लांची: आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, याच क्रमाने. १९८४ मध्ये ती शोधली गेली. खुरकुताच्या विषाणूच्या अंगावर, एका बाहेर आलेल्या वळणावर, हीच मूठ असते. पेशीला वाटतं आपली जमीनच हाताला लागली, आणि ती धरते. धरलं की विषाणू आत. अवघा ३० नॅनोमीटरचा जीव, घरच्या माणसाचा वेश घेऊन येतो. आणि ज्या जातीच्या इंटेग्रिनवर त्याचा डोळा असतो ते जिभेच्या आणि खुरांच्या बेचक्यातल्या कातडीत असतंच. रोग तोंडात आणि खुरांत का दिसतो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

तुमचा बैल बरा झाला असणार, कारण सालीचा सगळ्यांत खालचा थर बहुतेक वेळा जागेवर राहतो. त्याचे इंटेग्रिनचे खालचे हात शाबूत असतात. त्या थरातूनच दहा-पंधरा दिवसांत नवी साल येते. खुरांना जास्त लागतात. तेवढे दिवस पोटॅशियम परमँगनेटचं फिकं गुलाबी पाणी, तोंडाला बोरो-ग्लिसरीन, आंबोण मऊ, आणि काम बंद. दर सहा महिन्यांनी लस, ती टाळू नका. लस टोचल्यावर दोन दिवस दूध कमी होतं म्हणून टाळणारे मी फार पाहिले, आणि पुढे त्यांच्या गोठ्यात दोन महिने दूधच नाही, हेही पाहिलं.

जुवाचा फोड? जागा तीच, बटणांचा थर. कारण वेगळं. जू मागेपुढे सरकतं, वरची कातडी त्याच्याबरोबर जाते, खालची जात नाही, आणि मधे फाटतं. हळूहळू घासलं तर पेशी केराटिन वाढवतात आणि घट्टा पडतो. एकदम घासलं तर फोड. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदे मळतो, हळद-तूप लावतो, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो, त्यात शास्त्र किती आणि माया किती ते मी मोजत बसत नाही. पण नव्या गोऱ्ह्याला थेट पूर्ण दिवस जुंपू नका. घट्टा पडायला वेळ द्या.

प्रश्न : माझ्या गायीचं एका थनाचं दूध खारट लागतं. रंग नेहमीसारखा आहे. सासूबाई म्हणतात पाला बदलला. खरं काय? (गृहिणी, दिग्रस तालुका)

ताई, पाल्याने खारट होतं तर चारही थनांचं झालं असतं. एकाच थनाचं होतंय म्हणजे दगडीची, कासेच्या सुजेची, सुरुवात असू शकते.

कास म्हणजे बारीक बारीक पिशव्यांचं झुपकं. प्रत्येक पिशवीला आतून पेशींचा एकच थर. बाहेर रक्त, आत दूध. रक्तात मीठ भरपूर, दुधात कमी. दुधात लॅक्टोजची साखर, रक्तात नाही. दोन्ही इतके शेजारी असूनही मिसळत नाहीत, कारण दुधाच्या बाजूला पेशी एकमेकींना कडेने शिवलेल्या असतात. ही शिवण बटणांसारखी जागोजागी नसते, सलग असते. घट्ट सांधा म्हणतात तिला. घागरीच्या तोंडाला फडकं बांधणं वेगळं आणि मेणाने बंद करणं वेगळं, तसं हे मेणाचं काम. जंतू शिरले, सूज आली की ही शिवण सैल पडते. रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड दुधात उतरतं, लॅक्टोज उलटं रक्तात जातं. म्हणून दूध खारट, आणि गोडीही कमी. डेअरीवाल्यांकडे दुधातून वीज किती वाहते ते दाखवणारं हातातलं यंत्र असतं, ते हेच मीठ मोजतं.

घरी तपासायचं तर दर थनाची धार वेगवेगळ्या वाटीत घ्या आणि तेवढंच भांडी घासायच्या पावडरीचं पाणी घालून वाटी गोल हलवा. आजारी थनाचं दूध बुळबुळीत, घट्ट होतं. त्यात लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी असतात, साबण त्यांचं पटल विरघळवतो आणि आतला डीएनए बाहेर येऊन चिकट लाप्शी होते. दवाखान्यातली कॅलिफोर्निया चाचणी याच तत्त्वावर आहे.

गाय आटत आली असेल, विऊन नऊ-दहा महिने झाले असतील, तर शिवण आपसूक सैल पडते आणि दूध थोडं खारट लागतं. पण तेव्हाही चारही थनांचं. तुमचं एकाच थनाचं आहे, तेव्हा डॉक्टरांना लवकर बोलवा, आणि औषध चालू असेपर्यंत ते दूध विकू नका. सासूबाईंना सांगताना माझं नाव सांगा, तुमचं नको.

प्रश्न : बोकडाच्या पायांचा रस्सा रात्री उरला की सकाळी जेलीसारखा थिजलेला असतो. चरबी म्हणावी तर तसा नाही. काय असतं ते? (वाचक, वरुड)

कोलॅजन. आपल्या अंगातल्या एकूण प्रथिनांपैकी चौथाई ते तिसरा हिस्सा एवढं हेच. पेशींच्या मध्ये, सांध्यात, कातडीखाली, हाडात. तीन पदर एकमेकांवर पिळलेला दोर, पेशी तो विणून बाहेर टाकतात आणि मग त्यालाच धरून बसतात. बराच वेळ उकळलं की पीळ सुटतो, पदर मोकळे होतात, आणि गार झाल्यावर ते वेडेवाकडे गुंतून पाणी कोंडतात. पूर्वी सरेस तसाच करायचे. उलट, बाभळीच्या सालीत कातडं मुरवलं की पीळ जागेवर पक्का होतो, आणि चप्पल तयार होते.

तुम्ही वरुडचे, संत्र्यांच्या मुलखातले, म्हणून एक जास्तीचं. हा पीळ टिकायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळालं नाही की हिरड्या सुटतात, जुन्या जखमा उघडतात. १७४७ मध्ये जेम्स लिंड यांनी जहाजावरच्या खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, आणि संत्री-लिंबं दिलेले दोघे लवकर उठले. गाय, बकरी हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात, म्हणून मला नोकरीभर असा रोगी दिसला नाही. आपल्याला मात्र बनवता येत नाही. ते वेगळं काढणाऱ्या सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ चा नोबेल मिळाला, आणि पहिल्या उत्तरातलं अ‍ॅक्टिन १९४२ मध्ये हंगेरीतल्या त्यांच्याच प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी वेगळं केलं. एकाच छपराखाली बाहेरच्या दोराचं औषध आणि आतला दोर.

प्रश्न : माझ्या बहिणीला सिकलसेल आहे. तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते म्हणतात. तिच्या आतला सांगाडा मोडतो का? (तरुण, राळेगाव तालुका)

बाळा, मी जनावरांचा डॉक्टर. उपचाराचं तिचे डॉक्टर सांगतील, मी आकाराचं सांगतो.

तांबडी पेशी या सगळ्या कुटुंबात एकटी. कोणाला धरत नाही, कोणाला चिकटत नाही. तरी चपटी राहते, कारण तिच्या पटलाखाली स्पेक्ट्रिन नावाच्या लवचीक प्रथिनाचं जाळं असतं. बारीक नळीत शिरताना ती मुडपते आणि पलीकडे पुन्हा चपटी होते. शाळेत मी एकदा खाटकाकडून बकरीचं रक्त आणलं होतं. ताजं असतानाच काडीने ढवळत राहायचं, मग गोठणारे धागे काडीला गुंडाळून येतात आणि रक्त पातळ राहतं. एका पेल्यात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला नऊ ग्रॅम मिठाचं. दोन्हीत थोडं थोडं रक्त टाकलं आणि पेल्यांच्या मागे वर्तमानपत्र धरलं. मिठाच्या पाण्यातून अक्षर दिसेना, पेशी शाबूत, पाणी गढूळ. साध्या पाण्यातून मथळा लालसर पण स्वच्छ वाचता आला. पेशी पाणी पिऊन फुटल्या होत्या. भिंत नसल्याचा तोटा पोरांना तिथे कळला.

सिकलसेलमध्ये दोष सांगाड्यात नाही. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. पण प्राणवायू सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांवर रचून लांब काड्या तयार करतं, आणि त्या काड्या पेशीला आतून ताणतात. प्राणवायू मिळाला की काड्या विरघळतात, पेशी सरळ होते. असं पुन्हा पुन्हा झालं की मग मात्र स्पेक्ट्रिनचं जाळं बिघडतं आणि पेशी वाकलेलीच राहते. अशा ताठ पेशी बारीक नळीत अडकतात, तिथे कळा येतात. म्हणून पाणी भरपूर प्यायचं, थंडीपासून जपायचं.

हरणांच्या बऱ्याच जातींत तांबड्या पेशी काचेवर घेतल्या की विळ्यासारख्या होतात, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे, आणि हरणं मजेत पळतात. निसर्ग असा आहे. तू स्वतः तपासून घेतलंस का? वाहक असून त्रास नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. लग्नाच्या बोलणीत कुंडलीआधी हा कागद बघावा.

प्रश्न : म्हैस अडली की आमच्याकडे कळलावीची मुळी उगाळून लावतात, काही जण चारतातही. कळा येतात म्हणे. खरं आहे का? आणि एरवी शांत असलेल्या गर्भाशयाला एकदम कळा कशा सुटतात? (शेतकरी, पुसद तालुका)

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो, कारण तिथे पेशींच्या सांध्यांचा शेवटचा प्रकार भेटतो. शिवण झाली, बटणं झाली, हा तिसरा म्हणजे खिडकी. कनेक्सिन नावाची सहा प्रथिनं गोल बसून अर्धी नळी करतात, शेजारच्या पेशीची अर्धी नळी तिला येऊन मिळते, आणि दोन पेशींच्या आतलं आत ये-जा सुरू होते. मोठं काही जात नाही, क्षार आणि बारीक रेणू तेवढे. पण क्षार जातात म्हणजे विजेचा झटका जातो. काळजाच्या सगळ्या पेशी एका ठोक्याला आखडतात त्या या खिडक्यांमुळे.

गाभण असताना गर्भाशयाच्या स्नायूत या खिडक्या फार थोड्या असतात. पेशी एकेकट्या हलतात, वरून काही कळत नाही. दिवस भरले की संप्रेरकांचा तोल बदलतो आणि खिडक्या झपाट्याने वाढतात. मग एका पेशीचा झटका सगळ्यांना जातो आणि अख्खी भिंत एकदम आवळते. ती कळ. आधी टोचलेलं ऑक्सिटोसिन नीट लागू पडत नाही, त्याचं हे एक कारण. तोंड उघडलेलं नसताना टोचलं तर गर्भाशय फाटूही शकतं. तेव्हा दुकानातून आणून स्वतः टोचायचं नाही. म्हैस थंड पडली असेल, कान गार असतील, कळा मंद असतील, तर बहुतेक वेळा कॅल्शियम कमी झालेलं असतं, आणि ते शिरेतून हळू द्यावं लागतं, डॉक्टरनेच.

आता कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर, जंगलाच्या कडेला पिवळी-लाल, पाकळ्या उलट्या वळलेली फुलं तुम्हीही पाहिली असतील. मुळीत कोल्चिसिन असतं. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या विटांना जाऊन चिकटतं, नळ्या बांधल्या जात नाहीत. दुभंगायला निघालेली पेशी अर्ध्यातच अडकते. आतड्याचं अस्तर रोज नवं होत असतं, म्हणून पहिला घाला तिथे: ओकाऱ्या, हगवण, पोटात कळा. त्या कळा बघून कोणाच्या तरी आजीने नाव ठेवलं असेल. पण त्या गर्भाशयाच्या नव्हेत. चारलेलं जनावर दोन-तीन दिवसांनीही दगावतं, आणि माणसाने खाल्ली तर जे वाचतात त्यांचे केस जातात.

तुमच्याकडे अडलेली म्हैस असेल तर वेळ लिहून ठेवा. पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले आणि पाय दिसत नाहीत, किंवा एकच पाय दिसतो, तर थांबू नका. आत हात घालायचा तर नखं काढून, कोपरापर्यंत साबणाने धुऊन, आणि ओढायचं तर फक्त कळेबरोबर, कळ थांबली की थांबायचं.

जाता जाता: मागच्या महिन्यात एका वाचकाने तपासायला म्हणून जिभेची साल पॉलिथिनच्या पिशवीत टपालाने पाठवली. पोस्टमनने ती माझ्या दारात ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला. कृपया असं करू नका. पत्रच पाठवा.